टॉवेलचा बीच रोब शिवताना मशीन का अडतं, आणि बाह्या न लावता तो कसा शिवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार आणि आठ वर्षांची दोन मुलं, समुद्रात खेळून बाहेर आली की अंगावर चढवायला टॉवेलचे रोब शिवायचेत, त्यासाठी छान जाडजूड टॉवेल आणलेत, फ्रॉकच्या पेपर कटिंगवरून बाह्या-कॉलरसकट एक कापलाय, आणि आता मुंढ्यापाशी (बाही जोडतात तिथे) मशीन टाके सोडतंय, एक सुई मोडली, कापलेल्या कडांमधून घरभर दोरे पसरलेत. विचारलंय की मोठं मशीन लागेल का, की बाहेरून ओव्हरलॉक करून (कडा दोऱ्याने गुंफून) आणलं की भागेल.

माझं लहान मुलांचे कपडे शिवायचंच काम आहे आणि टॉवेलचं कापड त्यात सारखं हाताखालून जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं मशीन बहुतेक ठीकच आहे. अडचण थरांची आहे. टॉवेल म्हणजे मधे विणलेलं कापड आणि दोन्ही बाजूंना उभे लूप, म्हणजे दिसायला एक थर असला तरी सुईला तो सुती कापडाच्या तीन-चार थरांसारखा लागतो. आता मुंढ्याची शिलाई घ्या, तिथे दोन थर, माया (शिलाईच्या बाहेर राखलेलं कापड) एका बाजूला पाडली की तीन, कड दुमडली की आणखी, आणि बगलेत जिथे बाजूची शिलाई आणि मुंढ्याची शिलाई एकमेकींवरून जातात तिथे सहा-आठ थर सहज होतात. तिथे कुठलंही घरगुती मशीन कुरकुरणारच. ओव्हरलॉक केल्याने दोरे निघायचे थांबतील पण थर काही कमी होणार नाहीत. म्हणून मी आधी डिझाइन बदलते. जी शिलाई टाळता येते ती टाळायची, आणि टॉवेलच्या कारखान्यातून तयार आलेल्या चारही कडा जितक्या वापरता येतील तितक्या वापरायच्या. बाकी सगळं यावरूनच ठरतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. रोब कशासाठी हवाय हे बघा. पाण्यातून आल्यावर अंग टिपायचं, वारा लागू द्यायचा नाही आणि आतल्या आत ओले कपडे बदलायचे एवढंच असेल तर बाह्यांची गरजच नाही, उलट ओल्या हाताला बाही चिकटते आणि मूल वैतागतं. घरी अंघोळीनंतर अर्धा तास घालून बसायचं असेल किंवा किनाऱ्यावर खूप गार वारं असतं असं असेल तर मात्र पुढून उघडणारा, बंद होणारा रोब बरा. तुमच्याकडे झिगझॅग होतं की फक्त सरळ टीप यावरही थोडं आहे, पण सरळ टिपेच्या साध्या पायमशीनवर हे काम छान होतं, ती मशीनं जाड कापडाला जास्त दमदार असतात.

आधी टॉवेलबद्दल, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं किंवा सुधारतं. टॉवेलचा जाडपणा जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. लेबलवर ते लिहिलेलं नसलं तरी अडत नाही, नेहमीचा अंघोळीचा टॉवेल ७०×१४० सेंमी असतो म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक चौरस मीटर, त्यामुळे तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर घडी करून ठेवा, जेवढे ग्रॅम तेवढा जीएसएम समजा. मुलांच्या रोबला ३०० ते ४०० पुरे. ५५०-६०० चा गुबगुबीत टॉवेल हाताला मस्त लागतो पण तो रोब कोरडाच अर्ध्या किलोच्या वर, पाणी प्यायला की सहज दुप्पट, आणि ते सगळं ओझं चार वर्षांच्या पोराच्या खांद्यावर. शिवाय वाळायला तो फार वेळ घेतो, दुसऱ्या दिवशी सकाळी ओलाच असतो आणि कुबट वास मारायला लागतो. तुम्ही आणलेल्यांपैकी न कापलेला जो आहे त्याचं वजन करून बघा, ४५० च्या आत असेल तर वापरा, वर असेल तर तो अंघोळीलाच राहू दे. घरातले वापरलेले जुने टॉवेल चालतात का, तर चालतात, मला तर आवडतात, कारण त्यांचं आटणं होऊन गेलेलं असतं, फक्त उजेडाला धरून बघा, मधे विरविरीत झाले असतील तर तो भाग खांद्यावर येणार नाही असं कापा.

काही बीच टॉवेलना एका बाजूला लूप छाटून मखमलीसारखं केलेलं असतं, त्यावर चित्रं छान उठतात. ती बाजू पाणी कमी टिपते, म्हणून ती बाहेर आणि लुपांची बाजू आत, अंगाकडे. मायक्रोफायबरचा टॉवेल झटपट वाळतो, आटत नाही, शिवायला पातळ, पण बऱ्याच मुलांना त्याचा अंगाला चिकटणारा स्पर्श आवडत नाही, आधी मुलाच्या हातात देऊन बघा.

कापण्याआधी धुवायचं, आणि एकदा नाही, दोनदा, गरम पाण्यात, आणि पूर्ण वाळवून. सुती टॉवेल पाच ते दहा टक्के आटू शकतो, म्हणजे ७० सेंमीतले सात सेंमी गेले तर गुडघ्याखाली येणारा रोब गुडघ्याच्या वर. फॅब्रिक कंडिशनर घालू नका, तो धाग्यावर थर धरतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो. दोन टोकांना जी लूप नसलेली नक्षीची सपाट पट्टी असते ना, ती बाकीच्या टॉवेलपेक्षा जास्त आटते, म्हणून जुन्या टॉवेलची टोकं चुण्या पडल्यासारखी दिसतात. ती पट्टी खाली घेरात आली तर काही बिघडत नाही, गळ्याजवळ किंवा शिलाईत मात्र ती येऊ देऊ नका, पुढे धुण्यात तिथे ओढ बसते.

आता चार वर्षांच्या मुलाचा रोब एका ७०×१४० च्या टॉवेलमध्ये कसा बसवायचा ते सांगते, आकडे धुतल्यानंतरच्या मापाचे समजा आणि तुमचा टॉवेल आटून लहान झाला असेल तर त्या हिशेबात थोडं मागेपुढे करा. नुसता टॉवेल मधोमध दुमडून गळा कापला तर पुढे ७० आणि मागे ७० अशी लांबी येते, साधारण १०० सेंमी उंचीच्या मुलाला ती जवळजवळ घोट्यापर्यंत. मग मूल पळताना अडखळतं आणि काठ ओल्या वाळूत लोळतो. बहुतेक जण खालून कापतात आणि तयार कड वाया घालवून नवी जाड दुमड घालतात. त्यापेक्षा टॉवेलच्या मधूनच २४ सेंमी रुंदीची आडवी पट्टी कापून काढायची. उरतात ५८-५८ सेंमीचे दोन तुकडे, दोन्हींना खाली तयार कड, दोन्हींच्या बाजूंना तयार काठ. ते खांद्यावर जोडायचे, दीड सेंमी माया गेली की लांबी साडेछप्पन्न, गुडघ्याच्या थोडं खाली. आणि कापलेली पट्टी २४×७० ची, तिची टोपी होते! पट्टी मधून दुमडली की ३५ उंच आणि २४ खोल, दुमड वरती, मागच्या बाजूला शिलाई, मागचं वरचं टोक गोल कापायचं नाहीतर डोक्यावर बुजगावण्यासारखं टोक उभं राहतं, आणि पुढची चेहऱ्याची कड दोन सेंमी दुमडायची. मग टोपीचा खालचा घेर साधारण ४१ सेंमी राहतो.

टोपी गळ्याला जोडायची, म्हणून गळाही तेवढाच हवा. शिलाईच्या रेषेवर १६ रुंद, पुढे ७ खोल, मागे २ खोल असा गोल काढला की तो ४१ च्या आसपासच येतो, कापताना रेषेच्या आत एक सेंमी माया सोडून कापा म्हणजे भोक लहान दिसेल, दिसू दे. आता एक अडचण, या वयाच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५० ते ५२ असतो आणि टॉवेल ताणला जात नाही, ४१ च्या गळ्यातून डोकं जाणार नाही. म्हणून पुढे मधोमध १२ सेंमी चीर द्यायची, दोन्ही बाजू धरून २४ सेंमी वाढले, डोकं आरामात जातं. गळाच मोठा कापू नका, मोठा गळा ओला झाला की एका खांद्यावरून घसरतो. आणि हो, डोक्याचा घेर टेपने मोजून घ्या, अंदाज नको, काही मुलांची डोकी वयाच्या मानाने मोठी असतात.

बाजूला बाह्या नाहीत. ७० रुंदीचा तुकडा अंगावर पडला की खांद्याच्या दोन्ही बाजूंना वीस-बावीस सेंमी खाली लोंबतं आणि कोपरापर्यंत हात आपोआप झाकतो. बाजूच्या काठांना खांद्यापासून २० सेंमी हातासाठी मोकळं सोडायचं, मग वीसेक सेंमी जोडायचं, खाली १५ एक सेंमी परत मोकळं, पळायला. हे जोडताना काठ नुसते एकावर एक सेंमीभर चढवायचे आणि दोन टिपा मारायच्या, माया दुमडायचा प्रश्नच नाही, काठ मुळातच तयार आहे. सगळ्या रोबमध्ये कच्ची कड फक्त खांद्याला, चिरेसकट गळ्याला आणि टोपीला.

आठ वर्षांच्या मुलाला, उंची सव्वाशे सेंमीच्या आसपास असेल तर, तोच टॉवेल मधून न कापता नुसता दुमडला की ७० लांबी गुडघ्याच्या खाली येते, खांद्याची शिलाईसुद्धा नाही. टोपीला मग वेगळा नॅपकिन घ्या. गळा दोन सेंमीने जास्त रुंद करा आणि त्याला लागणारा टोपीचा घेर परत मोजा.

पुढून उघडणारा हवाच असेल तर एक युक्ती आहे. टॉवेल मधून आडवा कापून पुढचा-मागचा वेगळा करा. पुढचा तुकडा उभा मधोमध कापा आणि दोन भागांची अदलाबदल करा, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे, उलटा न करता नुसता सरकवून. म्हणजे जे तयार काठ बाजूला होते ते पुढे मधे येतात आणि कापलेल्या कडा बाजूच्या शिलाईत जातात. मागचा तुकडा दोन्हीकडून थोडा थोडा कापून ६२ रुंद केला की पुढे सात-आठ सेंमी एकावर एक चढतं. यात हाताच्या मोकळ्या जागेची कड कच्ची राहते, तिला गोट मारावा लागतो (पातळ पट्टी लावून ती बंद करावी लागते), म्हणजे काम वाढतं, हे धरून चाला. लहानग्याला मी हे करत नाही, चार वर्षांचं मूल पुढचं बंद करून ठेवतच नाही, वाऱ्याने उडत राहतं.

कापायची पद्धत. लुपांवर खडू उठत नाही आणि टाचण्या आत हरवतात (आणि मग पायात सापडतात), म्हणून रेषेला चिकटपट्टी लावा आणि धरायला कपड्यांचे छोटे चिमटे वापरा. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, मधे सेंमीभर सोडून, आधी एक एक टीप मारून घ्या, झिगझॅग असेल तर झिगझॅग, आणि मग दोन टिपांच्या मधून कात्री चालवा. दोरे पसरायचं निम्म्याहून कमी होतं. गळ्याला तर हे न चुकता करा, तिरका कापलेला टॉवेल हातातच विसविशीत होतो. एका वेळी एकच थर कापा, दुमडून कापलं की खालचा सरकतो.

मशीनवर: सुई ९० नंबरची नवी, जाड जागी १००, जीन्सची सुई चांगली. दोरा पॉलिस्टरचा. टाका मोठा, तीन ते साडेतीन मिमी, बारीक टाका लुपांत बुडतो आणि उसवायची वेळ आली तर डोळे फुटतात. फूटचा (कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब कमी करा, जास्त दाबाने वरचा थर पुढे ढकलला जातो आणि शेवटी एक तुकडा लांब उरतो, तुम्हाला वाटतं कापण्यात चूक झाली. फूटच्या दोन बोटांत लूप अडकत असतील तर वर पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा, टीप झाली की कागद फाडून काढा. जिथे थर एकदम वाढतात तिथे फूट पुढून वर उचललं जातं आणि नेमके तिथेच टाके सुटतात, तर तेवढ्याच जाडीची कापडाची घडी फूटच्या मागे सरकवा म्हणजे ते सपाट बसेल, आणि ते चार-पाच टाके हाताने चाक फिरवून घाला. तुमची सुई मोडली ती बहुतेक अशाच जागी, कापड मागून ओढल्याने.

आणि बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची डबी) उघडून बघा आता लगेच. टॉवेल शिवताना खाली राखाडी नमद्यासारखा थर जमतो, कापड पुढे सरकवणाऱ्या फीडच्या दातांमध्येसुद्धा, आणि मग चांगलं मशीनही टाके सोडतं. एक रोब झाला की ब्रशने साफ, तेलाचा थेंब, मग पुढचा. फुंकर मारू नका, कचरा आणखी आत जातो.

कडा बंद करायला टॉवेलचंच कापड दुमडायचं नाही, पातळ सुती कापडाची चार सेंमीची क्रॉस (तिरकी कापलेली) पट्टी घ्या, जुनी मऊ ओढणी किंवा मलमल, धुतलेली. खांद्याची माया उलगडून दोन्ही बाजूंना पसरवा, वर पट्टी ठेवून दोन्ही कडांनी टीप मारा, खांदा सपाट बसतो. मिठाच्या पाण्याने आणि वाळूने कातडी आधीच हुळहुळलेली असते, त्यात मानेमागे खरखरीत ओव्हरलॉकची कड घासली की लाल वळ उठतो. मी तर गळ्याची माया बाहेरच्या बाजूला पाडते आणि वरून रंगीत पट्टी लावते, आत काहीच टोचत नाही आणि बाहेरून मुद्दाम केल्यासारखं दिसतं. टोपीची मागची शिलाई आणि गळ्याची शिलाई जिथे भेटतात तिथली माया तिरकी छाटून टाका. इस्त्री दाबून फिरवू नका, वाफ देऊन हाताने थोपटा.

नाडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण फ्रॉकच्या कटिंगला असते म्हणून सांगते, टोपीला आणि गळ्याला नाडी अजिबात नको. घसरगुंडीत, झोक्यात, गाडीच्या दारात नाडी अडकून मुलांचे जीव गेलेत, म्हणून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्येच याविरुद्ध सूचना काढल्या आणि युरोपच्या ईएन १४६८२ या मानकात ७ वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपी-गळ्यापाशी नाडी चालतच नाही. कमरेला पट्टा हवा असेल तर मागे मधोमध शिवून टाका, सुटा नको, आणि जमिनीला लागेल इतका लांब नको. वेल्क्रो लावू नका, त्याचे हूक टॉवेलचे लूप उपसून काढतात. चिरेला प्लॅस्टिकचं एक टिचबटण पुरे, त्याच्या मागे सुती कापडाचा तुकडा ठेवून बसवा नाहीतर दोन-चार ओढण्यांत बटणासकट टॉवेल फाटतो. धातूची बटणं खाऱ्या हवेत गंजतात. ढगळ सुती लूपचं कापड पटकन पेट घेतं, तेव्हा रोब घालून शेकोटीजवळ, शेगडीजवळ नाही, हे मुलांना आणि बरोबरच्या मोठ्यांनाही सांगून ठेवा.

खिसे सगळ्या मुलांना हवेच असतात. त्यात शंख येतात, आणि वाळू येते. खिशाच्या तळाला जाळीचं कापड लावा किंवा खालचे दोन कोपरे बोटभर उघडे ठेवा, झटकलं की वाळू गळते.

राहिला तुमचा अर्धवट कापलेला. बाह्या लावू नका, लावल्या असतील तर उसवा. मुंढा कापून झालाय म्हणजे बाजू आत गेलीय आणि हातावर पडणारं कापड राहिलेलं नाही, पण त्याचा बिनबाह्यांचा जाकिटासारखा रोब होतो, मुंढ्याला क्रॉस पट्टीचा गोट मारा, कॉलरऐवजी बाह्यांच्या कापडातून टोपी काढता येते का बघा, जोड पडला तरी तो मागच्या शिलाईत घ्या. तो धाकट्याला द्या, त्याला हात मोकळे असलेले चालतात. मोठ्याचा नव्याने, दुमडलेल्या टॉवेलचा करा. आणि आधी खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचं माप आणि टॉवेलचं वजन इथे लिहा, म्हणजे कुठे किती कापायचं ते नेमकं सांगता येईल.